बैलजोडीनं तटवलेला काटा

आमच्या साखर कारखान्याचा सर्व्हर बसला, की वजनकाटा बसतो आणि उसाची वाहनं जागेवर तटतात. त्या दुपारी रांग अशी वाढली, की शेवटचा ट्रॅक्टर अजून निरवांगी गावात मालकाच्या दारापुढंच उभा होता, पण रांगेत धरलेला होता!

त्याच रांगेत निरवांगीचे एक आबा होते. रविवारी मी त्यांचीच मुलगी बघायला जाणार होतो. माझं सर्व्हर सांभाळणं ही नोकरी असते, हे त्यांना पटत नव्हतं. ते थेट माझ्या खोलीत घुसले.

"पाव्हणं, हेच व्हय तुमचं खोकं? तिकडं ऊस वाळाय लागला. आज हे चाललं तरच रविवारी या. न्हायतर पोहे आमीच खातो."

मुलीचा फोटो पाहिल्यापासून मीच हँग होतो. डिस्क तपासली. गच्च! नवं वजन लिहायला तसूभर जागा नाही. आत काय, तर बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ! अख्ख्या बारामती-इंदापूरची बैलं माझ्या सर्व्हरमध्ये दावणीला. कान लावला असता तर घुंगरं वाजली असती.

काट्यावर वजन करणारे तात्या दारातून पुटपुटले, "मोबाईल भरला हुता. म्हनलं, हितं सुरक्षित ऱ्हातील."

"उडव सगळं!" त्यांच्यामागून आलेले कारखान्याचे साहेब गरजले.

उडवण्याआधी एक उघडून पाहिला. कऱ्हाटी गावची शर्यत.

"थांबा!" आबा मागून ओरडले. "माजी जोडी हाय ती! त्यातला पांढरा आता ऱ्हायला न्हाय वं."

"दुसरी कॉपी?" मी विचारलं. तात्यांनी नकारार्थी मान हलवली.

बाहेर हॉर्नचा कल्लोळ. सर्व्हर दिवसभर काय केलं ते स्वतःच लिहीत बसतो, खाष्ट सासूसारखा. त्या जुन्या नोंदींची, म्हणजे लॉगची, प्रत बॅकअपला होतीच. व्हिडिओंना हात न लावता तेवढे लॉग उडवले, डेटाबेस पुन्हा चालू केला. काट्यावर आकडे नाचले! रांगेतून अशी आरोळी उठली, की शेळगावातल्या कोंबड्या वेळेआधी अंडी घालून मोकळ्या झाल्या.

मग निवांत सगळी बैलं पेनड्राइव्हवर हलवली आणि रविवारी ती घेऊनच निरवांगी गाठली. पोहे आले, मुलगी आली. आबांची नजर मात्र टीव्हीवरच्या पांढऱ्यावर.

मुलगीच शेवटी म्हणाली, "आबा, पाव्हण्यांकडं बघा की जरा!"

"त्यांला काय बघायचं?" आबा मान न वळवता म्हणाले. "बघितलं की त्या दिशीच."