पाटी तेवढी मराठीत राहिली

आमच्या सुभानपुऱ्यातल्या क्रीडासंकुलाची पाटी मराठीतही आहे. गुजराती नावाखाली, जरा लहान अक्षरांत, पण आहे. पुण्यामुंबईचे पाहुणे आले की आमची काही मंडळी मुद्दाम त्यांना तिकडून फिरवून नेतात आणि पाटी दाखवतात. बघा, बडोद्यात आपली भाषा अजून कशी टिकून आहे. मला मात्र ती पाटी दिसली की आजही डोकं फिरतं. त्या पाटीच्या बदल्यात आम्ही एक आख्खी शाळा देऊन बसलो, आणि देताना कुणाला काही वाटलंही नाही.

आम्ही मूळचे भुसावळकडचे. नवऱ्याला कोयलीच्या रिफायनरीत नोकरी लागली म्हणून बडोद्याला आलो आणि सुभानपुऱ्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. ती नव्वदीची वर्षं होती. जिथे बघावं तिथे पाया खणलेला. आज बोरीबाभळी, तर पुढच्या दिवाळीला तिथे टेनामेंटची, म्हणजे जोडघरांची, रांग आणि कोपऱ्यावर एसटीडीचं दुकान. नवऱ्याची शिफ्ट ड्यूटी, त्यामुळे घर आणि मुलगी दोन्ही माझ्यावर. पण एक मोठं सुख होतं. मराठी शाळा घराच्या मागच्याच गल्लीत होती. सरकारी, बैठ्या कौलारू खोल्यांची, सातवीपर्यंतची. माझी मुलगी पहिली घंटा झाली की चपला शोधायला लागायची आणि दुसऱ्या घंटेला वर्गात असायची.

त्या शाळेत आमच्यासारख्यांचीच मुलं. कुणाचे वडील रेल्वेत, कुणाचे बाजव्याकडच्या कारखान्यात फिटर, कुणाची आई चार घरी पोळ्या करणारी. आमच्या भागात दुसरीही मराठी माणसं होती. संस्थानच्या काळात ज्यांचे आजे-पणजे खजिन्यात नाहीतर न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, अशी ही घराणी. जुन्या शहरातली घरं अपुरी पडायला लागली म्हणून ती इकडे बंगले बांधून राहायला आली होती. माणसं चांगली, हळदीकुंकवाला आवर्जून बोलवायची. त्यांचं मराठी इतकं शुद्ध की त्यांच्यापुढे तोंड उघडताना मी दोनदा विचार करायची. मात्र त्यांची मुलं आमच्या शाळेसमोरून इंग्रजी शाळेच्या बसमधून जायची. त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. ज्याने त्याने आपल्या लेकराचं बघावं.

शाळेच्या मागे मैदान होतं. मैदान म्हणजे लाल मातीचा एक तुकडा, त्यावर खो-खोचे दोन खांब आणि कडेला एक मलखांब. शाळा सुटली की शाळेतलेच एक सर तिथे थांबायचे. त्याचा त्यांना वेगळा पगार नव्हता. ते मुलींना खो-खो शिकवायचे, आणि गणपती जवळ आले की लेझीम. माझी मुलगी वर्गात जेमतेम, पण मैदानात तिच्याकडे बघत राहावं. खांबाला हात टेकून अशी काही वळायची की पाठलाग करणारी मुलगी पुढे निघून जायची. कोपरं कायम सोललेली. सर एकदा मला म्हणाले, "वहिनी, ही सातवीत गेली की जिल्ह्याच्या संघात घालतो हिला. तेवढी टिकवा." तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. सातवी कधी येते, हेच रोज विचारायची.

ती पाचवीत असताना शाळांच्या फेररचनेचं निघालं. शहर वाढतंय, जुन्या भागातल्या शाळा ओस पडताहेत, नव्या भागात तरुणांना खेळायला जागा नाही, असं सगळं वर्तमानपत्रात येत होतं. आणि त्यावर तोडगा काय काढला, तर आमची मराठी शाळा पार जुन्या शहरात, मांडवीजवळच्या एका मराठी शाळेत विलीन करायची आणि इथल्या जागेवर तरुणांसाठी क्रीडासंकुल बांधायचं. स्केटिंग, बॅडमिंटन, व्यायामाची यंत्रं. म्हणजे ज्या जागेत मुलं रोज खेळतच होती, तिथून त्यांना उठवायचं आणि मग तरुणांच्या खेळाची सोय करायची. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला त्या मैदानावर एक संध्याकाळ उभं करायला हवं होतं.

लोकांचं म्हणणं ऐकायला म्हणून शाळेतच सभा ठेवली. पुढे खुर्च्या, मागे सतरंजी. कुणी सांगितलं नव्हतं, तरी बंगल्यांतली मंडळी खुर्च्यांवर बसली आणि आम्ही आया सतरंजीवर. अशा वेळी आमच्या वतीने बोलायचं कुणी, हे ठरलेलंच असायचं. पलीकडच्या बंगल्यातले काका. बँकेतून निवृत्त झालेले, गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष, आजोबा बडोद्याच्या महाराजांच्या दप्तरात होते. काका बोलायला उभे राहिले की चुळबुळसुद्धा थांबायची. आपला माणूस आहे, आपलं म्हणणं मांडेल, या भरवशावर मीसुद्धा बसले होते.

काका बोलले ते फार छान बोलले. महाराजांनी सक्तीचं शिक्षण कसं सुरू केलं, मराठी माणसाने हे शहर कसं उभं केलं, मातृभाषा म्हणजे काय. खुर्च्यांवर माना डोलत होत्या. शिक्षणखात्याचे साहेब गुजराती होते, पण मराठी समजणारे. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांनी एकच विचारलं, "या शाळेत तुमच्यापैकी कुणाकुणाची मुलं आहेत?"

सतरंजीवरचे हात वर झाले. खुर्च्यांवरचा एकही नाही. साहेब नुसतं हसले. त्या हसण्याने काकांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता तरी हे मागे वळून आमच्याकडे बघतील, म्हणतील की माझी नसतील, पण या बायकांची आहेत, त्यांना विचारा. पण दुखावला गेला होता तो त्यांचा मान, आणि मग बोलणं सगळं मानाचंच झालं. नव्या इमारतीवर मराठी नाव हवं. गणपतीचे दिवस अंगण आमचं. उद्घाटनाच्या कार्यक्रमात मराठी संस्कृती दिसली पाहिजे. साहेबांचं यात काय जाणार होतं? ते प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेले आणि खुर्च्यांवर टाळ्या पडत गेल्या.

मला राहवेना. मी उठले आणि माझ्या मोडक्या गुजरातीत विचारलं, "साहेब, नानी छोकरीओ मांडवी केवी रीते जशे?" लहान मुलींनी एवढ्या लांब जायचं कसं, एवढंच विचारलं. साहेब उत्तर द्यायला माझ्याकडे वळलेही होते. तेवढ्यात काका म्हणाले, "वहिनी, बसा जरा. आपण मोठ्या प्रश्नावर बोलतोय. बसचं बघतील ते."

मी बसले. एवढ्या वर्षांत मला कुणी इतक्या गोड आवाजात गप्प केलं नव्हतं. मुली शाळेत कशा जाणार हा लहान प्रश्न, आणि पाटीवर अक्षरं कुठली हा मोठा. यापुढे माणसाने बोलावं तरी काय.

बस आली, हे खरं. जून-जुलै दोन महिने आली. मग एक दिवस आली नाही, दुसऱ्या दिवशी उशिरा आली, आणि श्रावणात कधीतरी बंदच झाली. मुलं कमी आहेत, परवडत नाही, असं सांगितलं. मुलं कमी होणारच. पोरगी भरल्या रस्त्यावर तासभर ताटकळणार असेल तर कोण पाठवणार? मी काही दिवस सिटी बसने तिला सोडायला जात होते. दोन बस बदलायच्या, परत येऊन स्वयंपाक, की पुन्हा आणायला निघायचं. नवऱ्याची रात्रपाळी असली की तो माणूस भुकेला झोपायचा. शेवटी आम्ही हात टेकले आणि तिचं नाव कोपऱ्यावरच्या गुजराती शाळेत घातलं. गल्लीतल्या बाकीच्या आयांनीही तेच केलं. सहावीतली मुलगी पुन्हा क, ख, ग गिरवायला बसली. सरांची बदली कुठे झाली ते आम्हाला कळलंही नाही. नव्या शाळेला मैदान नव्हतं, स्कूटर लावायला फरशी घातलेलं अंगण होतं.

खांब उपटले त्या दिवशी ती कुंपणाशी उभी राहून बघत होती. रडली नाही. घरी आल्यावर कोपराची खपली काढत बसली आणि म्हणाली, "आई, आता हे बरं होईल." मला तेव्हा कुणाला तरी फाडून खावंसं वाटलं, आणि समोर होती ती फक्त पोळ्यांची कणीक.

ती सातवीत गेली आणि संकुल तयार झालं. उद्घाटनाच्या आधी काका घरी आले. दारात आलेल्या माणसाला चहा न देण्याची आमच्याकडे रीत नाही, म्हणून दिला. साखर मात्र विचारली नाही. काका म्हणाले, "पाहुण्यांच्या स्वागताला लेझीम हवी. मराठी संस्कृतीचं आपण ठरवलं होतं ना. जुन्या शाळेतल्या तुमच्या मुलींचा ताफा काय सुरेख होता. तिने पुढाकार घेतला तर जमेल."

माझ्या तोंडावर नाही आलंच होतं. पण आतून मुलगी म्हणाली, "मी जाईन." मी तिच्याकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. तिला लेझिमीचं काही नव्हतं. तिला मैदानावर जायचं होतं.

तिने गल्लीतल्या मुली गोळा केल्या, जुन्या लेझिमी मंडळाच्या पेटीतून निघाल्या, गच्चीवर सराव झाला. उद्घाटनाच्या दिवशी हिरव्या साड्या नेसून, डोक्याला फेटे बांधून मुली फाटकाबाहेर अशा खेळल्या की रस्त्यावरचे रिक्षावाले थांबले. पाहुणे आले, हार घातले, फीत कापली, सगळे आत गेले. मुलीही लेझिमी घेऊन आत निघाल्या. रखवालदाराने हात आडवा केला. "बेन, अंदर तो मेम्बर ज जाय." आत फक्त मेंबरांनाच. मी फाटकाच्या गजांतून आत बघितलं. खांब होते तिथे गुळगुळीत फरशी होती आणि तिच्यावर काकांची नात चाकांचे बूट घालून गोल गोल फिरत होती. माझ्या मुलीएवढीच. तिचा मला राग आला नाही. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

थोड्या वेळाने काका बाहेर आले, खुशीत होते. पाटीकडे हात करून पाहुण्यांना काहीतरी सांगून आले होते. माझ्या मुलीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "छान. आता दर वर्षी गणपतीत तूच."

मी म्हटलं, "काका, पुढच्या वर्षी नातीला उभं करा."

ते हसले. "तिला कुठे येते लेझीम? तिच्या शाळेत असलं काही नसतं."

"हिच्याही शाळेत नसतं."

"असं कसं? मराठी शाळा ना हिची? बसने जाते ना मांडवीला?"

ते खरंच विचारत होते. त्यांच्या घरावरूनच जायची ती बस. बंद होऊन वर्ष उलटून गेलं होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता.

उत्तर माझ्या मुलीने दिलं. "ना काका, बस तो क्यारनी बंध थई गई." बस तर केव्हाचीच बंद झाली, एवढंच. रागाने नाही, अगदी सहज. घराबाहेर आता तिच्या तोंडात तेच यायचं.

काकांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाले, "अगं, मराठीत बोल की. मराठी मुलगी ना तू?"

मी तिच्या हातातली लेझीम काढून घेतली आणि त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "शाळा आणून द्या, बोलेल." आणि मुलीला घेऊन घरी आले.