रशियन पानांची पडताळणी

आमच्या कॉलेजात संध्याकाळचा रशियनचा वर्ग मी चालवायची. चालवायची कसली, ढकलायची. मी शिकले तेव्हा रशियन येणाऱ्याला कारखान्यात दुभाष्याची नोकरी मिळायची, आणि तिकडची पुस्तकं इकडे मातीमोल भावात यायची. मग तो देशच मोडला. पुस्तकं यायची थांबली आणि होती त्यांना कसर लागली. वर्गाला पोरं उरली मोजकी. कुणाला प्रवासी कंपनीत शिरायचं होतं, कुणी घरात बसून कंटाळा येतो म्हणून यायचं. तरी माझा त्या वर्गावर जीव होता. अख्ख्या कोल्हापुरात तोंडानं रशियन बोलायची माझी तेवढीच एक जागा होती.

एक दिवस प्राचार्यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "मॅडम, ग्रंथालयात तुमच्या विषयाची धड चार पुस्तकं नाहीत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तपासणीला साधनं दाखवा, नाहीतर वर्ग बंद होणार."

नुकतंच ग्रंथालयात इंटरनेट आलं होतं. एकच कॉम्प्युटर, त्याला फुलाफुलांचं कापडी झाकण, आणि त्या खोलीत चपला घालून जायचं नाही. देवघरच की! मी तिथं बसून शोधलं तर रशियन भाषेचं भांडार उघडलं. शब्दकोश, व्याकरणाचे धडे, जुन्या कथा, रेडिओच्या बातम्या, सगळं फुकट. मी त्याच पावली प्राचार्यांकडे गेले. "पुस्तकं नसू देत, मी या पानांची सूची करते," म्हटलं. ते म्हणाले, "करा. पण ग्रंथपालांच्या पद्धतीनं."

या कामाला मेटाडेटा म्हणतात. नाव भारदस्त, काम चटणीच्या बरणीवर चिठ्ठी चिकटवण्याचं. आत काय आहे, कुणी केलं, कधी केलं, कोणत्या भाषेत, कुणाच्या उपयोगाचं. रशियन पानांना आणखी एक रकाना लागायचा, अक्षरं कोणत्या पद्धतीनं साठवली आहेत त्याचा. ती पद्धत निवडली नाही की पडद्यावर नुसता कचरा दिसायचा.

आमचे ग्रंथपाल सज्जन होते, हे आधी सांगते, कारण पुढं मी त्यांच्यावर चिडणार आहे. त्यांनी माझी सूची पाहिली आणि विचारलं, "आणि वस्तू कुठाय?"

"वस्तू इंटरनेटवर आहे, सर."

"असं कसं? ग्रंथालयात जे आहे त्यालाच दाखल नंबर. नंबर नाही तर ते ग्रंथालयात नाही. आणि ग्रंथालयात नाही तर तुमच्या तपासणीत कसं धरणार?"

मी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी तोड निघाली. प्रत्येक संकेतस्थळाचं पहिलं पान छापायचं, त्यावर कॉलेजचा गोल शिक्का मारायचा, दाखल नंबर घालायचा आणि फाइलला लावायचं. ताबा कुणाचा, या रकान्यात माझी सही. मीही हौसेनं सह्या ठोकल्या. वर्ग वाचत होता ना! तपासणीला आलेले पाहुणे शिक्के बघून खूश झाले, चहा पिऊन गेले, आणि वर्ग टिकला. त्या संध्याकाळी मी पोरांना पेढे वाटले.

पण कशात काय अन् फाटक्यात पाय! ती पानं एका जागी राहीनात. मॉस्कोतल्या कुण्या विद्यार्थ्यानं हौसेनं कथासंग्रह चढवलेला असायचा, त्याचं शिक्षण संपलं की पान गायब. शब्दकोशाचा पत्ता बदलायचा. मी नवा पत्ता हुडकायची, चिठ्ठी बदलायची, तोवर दुसरं पान गेलेलं असायचं. मला तर ते वेडच लागलं. वर्गाला एक धडा काढून द्यायची, पोरांना म्हणायची, "तुम्ही लिहीत बसा," आणि पळायची कॉम्प्युटरकडे. हळूहळू वर्गात बोलणं कमी झालं. एकेक करून पोरंही कमी झाली.

दर काही वर्षांनी ग्रंथालयाची पडताळणी होते. दाखल वही घ्यायची, एकेक पुस्तक कपाटात आहे का बघायचं. त्या वर्षी समिती आली आणि समितीप्रमुखांनी माझी फाइल उघडली. पत्ता टाका म्हणाले. मी टाकला. पान सापडत नाही, असं पडद्यावर आलं. दुसरा टाकला, तेच. तिसरं उघडलं तर जुगाराची जाहिरात, अर्धवट कपड्यातल्या बाईसकट. समितीप्रमुख खाकरले.

"ही साधनं कुणाच्या ताब्यात होती?"

"माझ्या."

"मग कुणाला दिलीत?"

मी म्हटलं, "सर, ती कुणी नेलेली नाहीत. जिथं होती तिथंच ती संपली."

"म्हणजे गहाळ," असं म्हणून त्यांनी तांबड्या पेनानं शेरा मारला. मी ग्रंथपालांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? त्या दिवशी मला त्यांचा असा संताप आला की पुढं कित्येक महिने मी त्यांना नमस्कारसुद्धा केला नाही. फाइलमधलं बहुतेक सगळं गहाळ ठरलं. साधनं गहाळ, विद्यार्थी मोजके, पुढच्या जूनपासून वर्ग बंद. घरी आल्यावर मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला.

मला इंग्रजीचे तास दिले. रशियन सुटलं ते सुटलंच. बोलणार कुणाशी, भिंतीशी? त्यातच तीन-चार वर्षं गेली.

मग एका दुपारी हुपरीचे एक गृहस्थ स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. पैंजणं घडवणारे, बोटं काळवंडलेली. मोठ्या आवाजात म्हणाले, "रशियनच्या म्याडम कोण हायत?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. त्यांची लेक रशियात डॉक्टरकीला गेली होती. दर रविवारी फोन करायची, दोन रविवार आला नव्हता. "आमीच तिच्या हॉस्टेलला लावला तर कोण म्हातारी उचलतीया, कायतरी बडबडतीया अन् ठेवतीया. बायकू जेवंना झालीया, म्याडम. तुमी बोला की जरा."

मी म्हटलं, "चला."

कॉलेजसमोरच्या एसटीडी बूथवर गेलो. ते दाराला टेकून उभे राहिले, मी नंबर फिरवला. खूप वेळ वाजला आणि बाईचा आवाज आला. खरीखुरी, जिवंत रशियन बाई! मी वाक्य जुळवून सावकाश म्हटलं, अमुक मुलीला बोलवता का. ती म्हणाली, "येयो न्येत." ती नाही. एवढं कळलं. मी विचारलं, कुठं गेली? त्यावर ती भराभरा बोलायला लागली, लांबलचक, न थांबता. मी म्हटलं, सावकाश बोला. तिनं तेच पुन्हा सांगितलं, आता ओरडून, आणि फोन ठेवून दिला. परत लावला तर लागेना.

लेक सुखरूप होती. वसतिगृहाची डागडुजी निघाली म्हणून मुलींना गावाच्या दुसऱ्या टोकाला हलवलं होतं, हे आठवड्यानं तिच्याच फोनवरून कळलं. म्हणजे ती बाई मला दोनदा तेच सांगत होती, बहुधा नव्या पत्त्यासकट.

पण त्या दुपारी बूथमध्ये फोन हातात धरून मी उभी होते, आणि ते गृहस्थ माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हणाली?"

"ती तिथं नाही म्हणाली."

"न्हाय म्हंजे? कुठं गेलीया?"

"पुढचं मला कळलं नाही."

ते दाराचं टेकणं सोडून सरळ उभे राहिले. मग आवाज खाली आणून, मला वाईट वाटू नये अशा बेतानं त्यांनी विचारलं, "तुमी रशियनच्याच म्याडम न्हवं?"