जगातले मासे आणि आमचा पेपर

आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना जगाची फार काळजी होती. वर्गातल्या शेवटच्या बाकावर काय चाललंय ते त्यांना कधी दिसलं नाही, पण आफ्रिकेत काय चाललंय ते रोज ठाऊक असायचं. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी अंधेरीच्या एका कॉलेजात टी. वाय. ला होतो आणि शोधनिबंधांची आंतरकॉलेज स्पर्धा जाहीर झाली होती. विषय ऐसपैस होता : जगापुढची कोणतीही एक समस्या.

समुद्रातले मासे कमी होत चाललेत, हा विषय सुचवला माझ्या वर्गातल्या एका मुलीने. ती वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. वडिलांची बोट होती. सर म्हणाले, "मासे? हा काय ग्लोबल इश्यू झाला?" पुढच्या आठवड्यात कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांना त्यावर लेख सापडला, तेव्हा तो एकदम ग्लोबल झाला आणि सरांचा झाला. सर स्वतः अंडंसुद्धा खात नसत.

पेपर आम्ही दोघांनी मिळून लिहायचा ठरला. ती म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतून आलेली, मी इंग्रजी शाळेतून. म्हणजे माहिती तिची आणि इंग्रजी माझं. त्या वेळी मला माझा वाटा मोठा वाटला होता.

एका रविवारी ती मला घरी घेऊन गेली. वडील अंगणात जाळं विणत बसले होते. मी आयुष्यभर वर्सोव्यापासून बसच्या चार थांब्यांवर राहिलो, पण तिथे कधी गेलो नव्हतो. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांखालून जाताना मी नाकाला रुमाल लावला. तिच्या आईने ते पाहिलं आणि तरी चहा दिला.

"पयले हितंच, नजरेसमोर म्हावरं गावायचं," वडील म्हणाले. "सकाली गेलेली बोट सांजला घरी. आता चार-चार दिस भायेर. डिझेल संपतं, बर्फ संपतो, जालं रिकामं. मोठे ट्रॉलर येतान, पिल्लं पन उचलून नेतान. पिल्लं नेलीस तं उद्या काय गावंल?"

यात सगळा प्रश्न आला होता. मी तो टिपून घेतला. तिने त्यावर दोन पानं लिहिली, मी त्यांचं इंग्रजी केलं.

सरांनी ती दोन्ही पानं लाल पेनाने उभी कापली. "कोणी एक कोळी काय म्हणतो, याला रिसर्च म्हणत नाहीत. लायब्ररीत जा. अटलांटिक घाला." आम्ही अटलांटिक घातला. शेवटी सर म्हणाले, "स्टेजवर वाचायला एकच लागतो. हा वाचेल. तुझं नाव आभारात टाकू."

"पण सर, अर्धा मी लिहिलाय," ती म्हणाली.

"म्हणून तर आभार!"

मी पानं गोळा करून फाइलला लावली. सरांची मला चीड आली असं मी पुढे पुष्कळ वर्षं मित्रांना सांगत आलो. खरं म्हणजे त्या क्षणी मला बरं वाटलं होतं.

स्पर्धा घाटकोपरच्या एका कॉलेजात होती. तीन परीक्षक, टेबलावर निळा कपडा, प्लास्टिकची फुलं. मी अटलांटिक घडाघडा वाचून दाखवला. मग मधल्या परीक्षकांनी चष्मा काढून विचारलं, "मासे कमी झालेत हे आपल्या इथल्या कोळ्यांना कसं काय कळतं?"

उत्तर मला माहीत होतं. पण डिझेल, बर्फ, चार दिवस हे शब्द त्या निळ्या कपड्यासमोर फार साधे वाटले. मी म्हणालो, "ते पाण्याचा रंग पाहतात. पौर्णिमेच्या पहाटे पाण्यावर हिरवट झाक दिसली, तर त्या वर्षी मासा नाही, असं जुनेजाणते मानतात."

तिघांनी माना डोलवल्या. एकांनी "वा!" म्हणून ते लिहून घेतलं. तिसऱ्या रांगेतून ती मोठ्याने हसली. सरांनी मागे वळून तिच्याकडे डोळे वटारले.

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. आम्हाला म्हणजे मला. बाहेर पायऱ्यांवर तिने मला गाठलं.

"हिरवी झाक? कुठून आणलीस रे?"

"सुचली."

"एवढी शिकलेली माणसं, एकाला पण कळलं नाही ना!" तिला राग आलेला नव्हता. ती आम्हा सगळ्यांकडे, परीक्षकांकडे, सरांकडे, माझ्याकडे, एकाच नजरेने पाहत होती. शिळं म्हावरं गिऱ्हाईक परत टाकतं ना, तसं.

पेपर कॉलेजच्या वार्षिकात छापून आला. आधी सरांचं नाव, मग माझं. सरांनी हिरव्या झाकेवर एक वेगळा परिच्छेद लिहिला होता, "पारंपरिक ज्ञान" असं मथळ्यात. तिचं नाव आभारातही नव्हतं. जागा कमी पडली, असं सर म्हणाले.

परीक्षेच्या आधी ती मला लायब्ररीच्या दारात भेटली. वार्षिक तिने घरी नेलं होतं. वडिलांना तो परिच्छेद मराठीत सांगितला, थट्टा म्हणून. वडील हसले नाहीत. त्यांनी विचारलं, हिरवा म्हणजे कसा, शेवाळासारखा की बाटलीसारखा? कॉलेजातल्या पोरांनी काहीतरी शोधून काढलं असेल, असं त्यांना वाटलं. पौर्णिमेला ते पहाटे उठून खाडीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? घरी येऊन आईला म्हणाले, मला काय दिसला नाय, माजी नजर कमी झाली आसंल."

मी हसलो. ती पुस्तकं छातीशी धरून तशीच उभी राहिली, मग आत गेली. त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही.