पालथा हात

घोडीजवळ जाताना मॅडम तिरक्या उभ्या राहायच्या, पालथा हात पुढे धरायच्या आणि थांबायच्या. घोडीनं हाताला नाक लावलं तर पुढचं पाऊल. मान फिरवली तर हात खाली, भेट संपली. कोणी सरळ जाऊन तिच्या मानेवर थाप मारली की मागून त्यांचा प्रश्न यायचा, "विचारलं का तिला?"

चिचगडच्या बाजूला आमच्या संस्थेचा दवाखाना आहे. मी तिथली व्यवस्थापक. मॅडम तिथे तीन वर्षं होत्या. त्यांच्या पदाचं नाव लांबलचक होतं, गावात मात्र त्या घोडीवाल्या मॅडम. मोठ्या धक्क्यातून गेलेल्या माणसांना त्या जनावरांच्या सोबतीनं सावरायच्या. जनावरं म्हणजे वरातीच्या कामातून सुटलेली एक पांढरी घोडी, दोन शेळ्या आणि एक लंगडा कुत्रा. घोडी त्यांनी स्वतः विकत घेतलेली होती.

आमचा चौकीदार म्हणायचा, "मले घरी कोणी विचारत नाही जी, हे तर जनावर होय."

"म्हणून तर तुम्ही सुट्टीतही इथं येऊन बसता," मॅडम म्हणायच्या.

मला त्यांचा राग यायचा. माझ्या वहीत प्रत्येक रुग्णाला पाऊण तास दिलेला, आणि त्यातला अर्धा वेळ या नुसत्या उभ्या. टोकलं तर म्हणायच्या, "ताई, काम सुरू आहे."

मग सगनबाई आली. मोहफुलं वेचताना अस्वलानं तिचा चेहरा फाडला होता. टाके निघाले, जखमा भरल्या, पण ती एकटी अंगणाबाहेर पडेना. जाऊ तिला हाताला धरून आणायची. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. दोन महिने ती कुंपणाला टेकून बसली आणि मॅडमनी तिला बसू दिलं. एका सकाळी घोडी आपणहून आली, तिच्या पदराला नाक लावून उभी राहिली. सगनबाईनं पदर सोडला. मी रजिस्टर घेऊन तिथूनच चालले होते.

"हे मले पाहून तोंड नाही फिरवत," सगनबाई म्हणाली.

त्यानंतर ती एकटी, पायी, उघड्या चेहऱ्यानं येऊ लागली. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जंगल आहे, हे ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

पुढे नव्या इमारतीचं उद्घाटन ठरलं. संस्थेचे सचिव म्हणाले, "अपनी घोडी है ना, पाहुण्यांची मिरवणूक काढू. और वो अस्वलवाली बाई को स्टेज पे बिठाओ." 'अपनी घोडी' म्हणे. मी यादी केली. हार, खुर्च्या, जनरेटर, पाण्याचे कॅन. घोडी एक. रुग्ण एक.

मॅडम केशोरीला एका कुटुंबाकडे गेल्या होत्या. त्यांचा फोन लागला नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. मी लावलाच नव्हता. त्या नाही म्हणणार हे मला माहीत होतं. आणि सगनबाईला मी निरोप धाडला, मॅडमनी बोलावलं आहे.

डीजे सुरू झाला, फटाक्यांची लड पेटली. घोडी उधळली. चार बाप्यांनी लगाम ओढून धरला आणि तिच्या तोंडातून रक्त काढलं. स्टेजवर निवेदक माइकवरून सांगत होता, या भगिनीनं पदर बाजूला करून सर्वांना चेहरा दाखवावा. लोक मोबाइल वर धरून उभे. सगनबाई टेबलाखाली शिरली. कोणी माइक बंद केला नाही. मीही नाही. पाहुण्यांनी भाषण पूर्ण केलं.

संध्याकाळच्या बसनं मॅडम उतरल्या. आधी सगनबाईला घरी सोडून आल्या, मग घोडीचं तोंड धुतलं. मग माझ्याकडे यादी मागितली आणि वरपासून खालपर्यंत वाचली.

"काही राहिलं नाही हो ताई," त्या म्हणाल्या. "या दोघींना विचारलं का?"

"तुमचा फोन लागला नाही."

"मी माझं नाही विचारलं."

त्यांनी लेखी तक्रार केली. संस्थेनं त्याला बदनामी म्हटलं आणि त्यांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. साधा चहाचा निरोपसुद्धा दिला नाही. सचिव अजून सचिव आहेत. मी अजून व्यवस्थापक आहे, आणि याचा राग मला सगळ्यात जास्त येतो. जाताना त्यांनी घोडी सगनबाईच्या अंगणात सोडली. दोघींना विचारून.

दर शनिवारी मी कोंड्याचं पोतं घेऊन तिथे जाते. मला पाहिलं की सगनबाई पदर ओढते आणि आत जाते. मी कुंपणाशी तिरकी उभी राहते, पालथा हात पुढे धरते आणि थांबते. घड्याळ बघत नाही. घोडी चार पावलं येते, उभी राहते, मान फिरवते.

मी हात खाली घेते. पोतं कुंपणाला टेकवून ठेवते आणि निघते.