पहाटे मुका होणारा फोन

भडगावात राजकुंवरबाईंना चेहऱ्याने ओळखणारे जितके, त्याहून जास्त माणसं त्यांना फोनवरच्या आवाजाने ओळखत. चाळीसगावपासून पारोळ्यापर्यंत, जिथे जिथे जैन समाजाची चार घरं आहेत तिथे त्यांच्या घरचा नंबर तोंडपाठ असायचा. साध्वीजींचा विहार असला, म्हणजे त्या एका गावाहून दुसऱ्या गावी पायी निघाल्या, की आदल्या गावचं कुणीतरी फोन करायचं. महासतीजी, म्हणजे साध्वीजी, किती आहेत, कोणाची तब्येत बरी नाही, वाटेत कुठे थांबतील. मग राजकुंवरबाई पुढची सोय लावायच्या. कुठल्या गावी शाळा उघडून घ्यायची, कुठे देवळाचा ओटा झाडून घ्यायचा, सामोरं कोणी जायचं. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा हे काम सासूबाई करत. सासूबाई गेल्यावर ते आपोआप यांच्याकडे आलं, आणि आता सत्तरीला टेकल्या तरी सुटलं नव्हतं.

विहार पहाटे सुरू होतो. त्यामुळे त्यांचा फोन वाजायचा तो पहाटेच. खाली कापडाचं दुकान, वर घर, आणि मधल्या जिन्याच्या चौकात एक खुर्ची, एक तिवई आणि तिवईवर फोन. सामायिक करून, म्हणजे प्रार्थनेची बैठक संपवून, त्या तिथेच येऊन बसत. मोबाइल त्यांनी कधी घेतला नाही. मुलाने, अखिलने, एकदा आणून दिला होता. तो त्यांनी सुनेला देऊन टाकला.

रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली आणि हा फोन बंद पडला. अखिल टेलिफोनच्या ऑफिसात गेला तर कळलं, तांब्याची तार आता कोणी जोडत नाही. फायबर घ्या, नंबर तोच राहील. एक डबा बसेल, त्याच डब्यातून इंटरनेट आणि त्याच डब्यातून फोन. अखिलला दुकानातल्या बिलाच्या मशीनसाठी इंटरनेट हवंच होतं. तो खूश झाला.

राजकुंवरबाईंच्या डोक्याला ताप सुरू झाला तो तिथून.

पहिल्यांदा आलेल्या माणसाकडे शिडी नव्हती. दुसऱ्यांदा शिडी आली, पण डबा आला नाही. डबा आला तेव्हा तो चालू करायला मोबाइलवर आलेला आकडा सांगावा लागत होता, आणि मोबाइल घेऊन अखिल खरेदीला जळगावला गेलेला. शेवटी भूषण नावाच्या तंत्रज्ञाने जिन्याच्या चौकात, दाराच्या वर, डबा ठोकला. तिथल्याच जुन्या सॉकेटमध्ये त्याची पिन खोचली आणि फोनची वायर जोडली. तेव्हा कळलं की बाईंचा तबकडीचा फोन या डब्याला चालत नाही, बटणांचा घ्यावा लागेल. तोही घेतला. सून हर्षिता हौशी. धूळ बसू नये म्हणून तिने डब्याला भरतकामाची खोळ शिवून घातली. वायफाय वरच्या मजल्यावर पोहोचत नव्हतं, स्लॅब जाड होता. पण वर सगळे मोबाइलचंच इंटरनेट वापरत, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाईंनी रिसीव्हर कानाला लावला. आत काहीच नाही. टोन नाही, खरखर नाही. फुंकर मारून पाहिली, वायर हलवून पाहिली. साडेआठ वाजता अखिल चहाला आला तेव्हा त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, दुकान उघडून येतो आणि बघतो. दुकान उघडून वर आला, रिसीव्हर उचलला, तर टोन खणखणीत.

असं रोज व्हायला लागलं. पहाटे फोन मुका, दिवसा ठणठणीत. तक्रारीच्या नंबरवर अखिलने दुकानातून फोन केला, की पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगायची, आमच्याकडून सिग्नल व्यवस्थित दिसतोय. एकदा डबा बंद करून चालू करा. भूषण दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा दुपारी. दोन्ही वेळा त्याने स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावून वाजवून दाखवला आणि म्हणाला, आजी, चालू आहे की.

"तू पहाटे ये," राजकुंवरबाई म्हणाल्या.

पहाटे ऑफिस नसतं, असं तो म्हणाला, आणि त्याचंही बरोबरच होतं.

या सगळ्यात बाईंना बोचत होतं ते वेगळंच. घरात कोणी त्यांना खोटं म्हणत नव्हतं. पण हर्षिता एकदा हळूच म्हणाली, मम्मी, कानाच्या डॉक्टरांना दाखवायचं का. अखिलने मोठ्या बटणांच्या फोनची चौकशी चालवली. एकदा तर त्याने त्यांना रिसीव्हर कसा धरायचा ते दाखवलं. ज्या बाईने तीस वर्षं अर्धा खान्देश फोनवरून हलवला, तिला. त्या दिवशी जेवताना त्यांनी भाजी दुसऱ्यांदा घेतली नाही, आणि अखिलला ते कळलं नाही याचाही त्यांना राग आला.

मे महिन्यात तीन महासतीजी चाळीसगावहून निघाल्या. कजगावला मुक्काम आणि तिथून सकाळी भडगाव, असं ठरलेलं. सकाळचे सात वाजले, आठ वाजले. स्थानकात, म्हणजे समाजाच्या प्रार्थनागृहात, सगळे वाट बघत बसलेले, आणि राजकुंवरबाई घरी मुक्या फोनपाशी. नऊच्या सुमाराला दारात मोटारसायकल थांबली. वना आला होता. त्याचा मळा कजगावच्या वाटेवर, आणि बापाच्या वेळेपासून त्यांच्या घरचं लग्नाचं कापड राजकुंवरबाईंच्या यजमानांच्या, पारसमलजींच्या, या दुकानातूनच जायचं.

"अक्का, तुमन्या महासत्या आमना मळामा शेतस," तो म्हणाला. "शाळाले कुलूप व्हतं. तुमले फोन करा, पन लागना नही."

झालं होतं असं. एका महासतीजींच्या पायाला फोड आले होते. ऊन चढायच्या आत त्या भडगावला पोहोचणार नाहीत, हे कजगावच्या गिरधरभाईंना पहाटेच कळलं. वाटेतल्या गावाची शाळा उघडून ठेवा म्हणून त्यांनी भडगावला फोन केला, पुन्हा केला, पुन्हा केला. अखिलचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. इतक्या वर्षांत त्याची कधी गरजच पडली नव्हती. शाळेला सुट्ट्या, किल्ली हेडमास्तरांकडे, आणि हेडमास्तर राहायला भडगावात. महासतीजी अनवाणी पायांनी कुलूपबंद शाळेच्या पायरीवर बसून राहिल्या, तिथून वनाने त्यांना आपल्या मळ्यात नेलं.

अखिलने गाडी काढली. राजकुंवरबाई त्याच्या शेजारी बसल्या. अखिल दोनदा म्हणाला, आता काय करणार, मशीन आहे. दुसऱ्यांदा म्हटल्यावर त्यांनी काच खाली केली आणि गरम वारा आत येऊ दिला.

मळ्यात महासतीजी निंबाच्या सावलीत ओसरीवर बसल्या होत्या. वनाची बायको तानुबाई हिने ओसरी झाडून दिली होती. घरच्यांच्या अंघोळीसाठी पाणी उकळलेलं होतं. तेच महासतीजींनी प्यायला घेतलं, त्यांच्यासाठी मुद्दाम काही तापवलेलं त्यांना चालत नाही. घरात झालेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची अर्धी भाकरी आणि थोडं ताकही घेतलं. राजकुंवरबाईंनी वंदना करून सुखसाता, म्हणजे खुशाली, विचारली. मोठ्या महासतीजी हसून म्हणाल्या, सावली आहे, पाणी आहे, तुम्ही मन थकवू नका.

मन थकलेलंच होतं. त्यांनी तानुबाईचा हात धरला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बठ्ठं व्हई गयं, अक्का," सगळं नीट झाल्याचं सांगत तानुबाई म्हणाली. "तुमी कायजी करू नका."

परत येईपर्यंत साडेअकरा झाले. दुकानाबाहेर गिऱ्हाईक ताटकळत होतं. अखिल शटर उघडायला धावला आणि राजकुंवरबाई जिना चढून चौकातल्या खुर्चीवर धपकन बसल्या. समोर दाराच्या वर भरतकामाची खोळ घातलेला डबा. मोर आणि दोन फुलं. त्यांना त्या मोराचाच इतका संताप आला की उठून, टाचा उंचावून, त्यांनी खोळ ओढून काढली आणि जिन्यात फेकली.

डबा काळाठिक्कर होता. एकही दिवा नाही.

खाली शटर वर गेल्याचा आवाज आला. मग अखिलने मेन स्विच चढवल्याचा खटका. आणि बाईंच्या डोळ्यांसमोर डब्यात लाल ठिपका पेटला. मग हिरवा, मग लुकलुकणारे आणखी दोन. थोडा वेळ थांबून त्यांनी रिसीव्हर उचलला. टोन आला होता.

त्या रिसीव्हर हातात धरूनच उभ्या राहिल्या. शेजारचं कापड दुकान शॉर्टसर्किटने जळालं होतं, तेव्हापासून पारसमलजींनी नियम घातला होता. रात्री दुकान वाढवताना मेन स्विच पाडायचा. ते गेले तरी अखिल तो नियम पाळत होता. आणि चौकातलं ते जुनं सॉकेट घरच्या मीटरवर नव्हतं, दुकानाच्या मीटरवर होतं. जुन्या फोनला लाइट लागतच नसे, म्हणून कधी कोणाला कळायचं कारण नव्हतं.

त्यांनी अखिलला वर बोलावलं. गिऱ्हाईक आहे, असं तो खालून म्हणाला. असू दे, वर ये, त्या म्हणाल्या. मग त्याला डब्यासमोर उभं केलं आणि हर्षिताला खाली पाठवून मेन स्विच पाडायला सांगितला. दिवे गेले. चढवायला सांगितला. दिवे आले.

"तू रोज सांगत होतीस," अखिल म्हणाला.

"हो. आणि तू मला रिसीव्हर धरायला शिकवत होतास."

राजकुंवरबाईंनी त्याला जा म्हटलं, गिऱ्हाईक ताटकळलंय.

एवढ्याने निस्तरलं असतं तर बरं. घरच्या मीटरवरून चौकापर्यंत वायर ओढायला इलेक्ट्रिशियन हवा, आणि लग्नसराईत तो मांडवांच्या रोषणाईत अडकलेला. तोवर अखिलने मेन स्विच पाडायचा नाही असं ठरलं, आणि सवयीने त्याने दुसऱ्याच रात्री पाडला. पुढे वायर आली, आणि त्याच दिवशी गावाची लाइट गेली. डबा पुन्हा काळा. भूषणला बोलावल्यावर तो म्हणाला, याला छोटी बॅटरी लागते, मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. राजकुंवरबाईंनी त्याला चहा दिला, पण बस म्हटलं नाही. तो जिन्यातच उभ्याने प्यायला.

बॅटरी बसल्यावर त्यांनी गिरधरभाईंना सांगून पहाटे मुद्दाम फोन करायला लावला. वाजला. तरी त्यांनी अखिलचा नंबर त्यांना दिलाच, आणि हर्षिताचाही. मग म्हणाल्या, आणखी एक लिहून घ्या, तानुबाईचा. इथून पुढे मधल्या वाटेवर थांबायचं झालं तर आधी तिला विचारा. शाळेच्या किल्लीच्या भानगडीत पडू नका.