आंब्याखालचा भुईचाफा

"क्या रे, ये बाग है के मैदान?" साहेबांनी आंब्याच्या सावलीतल्या उघड्या वाफ्यावर छडी रोखली. मी म्हणालो, साहेब, भुईचाफा आहे, खाली झोपलाय.

निजामाचा अंमल होता. नळदुर्गाजवळ या सरकारी साहेबांच्या बंगल्याची बाग माझ्याकडं होती. माळीकाम मी सोलापूरच्या नर्सरीत शिकलो, चळवळीची पत्रकं वाचायलाही तिथंच. म्हणून तर रोज जीव जळायचा. विहीर आटत आलेली, अन् तिचं पाणी भिस्त्याच्या कातडी पखालीनं आधी साहेबांच्या फुलझाडांना. उरलं तर गावातल्या बायांच्या घागरीत. ही कुठली रीत?

भाषण ठोकलं असतं तर तुरुंग मिळाला असता, पाणी नव्हे. मी साहेबांशी बोली केली. सावलीतली फुलझाडं पाणी पिऊनही पिवळीच पडत होती. ती काढून तिथं येडशीच्या रानातले भुईचाफ्याचे गड्डे लावतो. उन्हाळ्यात त्या वाफ्याची पखाल बायांना द्या. साहेब म्हणाले, "फूल आलं नाही तर पखाल बागेत, अन् तू घरी."

भुईचाफ्याची पानं थंडीत वाळून जातात. जीव राहतो मातीखालच्या गड्ड्यात. तेव्हापासून फूल येईतो पाणी घातलं की गड्डा सडलाच.

चैत्र सरला. वाफा उघडाच. पाण्याच्या रांगेतल्या शेवंतामावशी घागर भरून जाताना विचारायच्या, "काय रं माळ्या, दगडं तरी उगवली का?" हसायच्या, पण नजर वाफ्यावर. मलाही उकरून बघावंसं वाटायचं. पण उकरलं की कोंब मोडतो.

आता साहेबांचाही धीर सुटला. उद्यापासून पखाल वाफ्यावर, असा हुकूम सुटला.

सकाळी भिस्ती पखाल खांद्यावर टाकून आला. मागं मावशी, रिकामी घागर घेऊन. मी त्याला आडवा जायला धावलो, अन् वाफ्याशीच थबकलो. टणक माती जागोजागी फाटली होती. पान नाही, फांदी नाही. थेट भुईतून पांढरी-जांभळी फुलं वर आलेली. ओली, ताजी. वाफ्याला थेंब पाणी नव्हतं. सुगंध आंब्याखाली भरून राहिला होता.

साहेब बाहेर आले. जोडे काढून उकिडवे बसले. बोट पुढं केलं, पण फुलाला लावलं नाही. मावशींनी घागर खाली ठेवली. इतकी पत्रकं पाठ केलेला मीही तिथंच मातीत बसलो.

"लई दिसांनी धरतरी बोलली," मावशी हळूच म्हणाल्या.

साहेब उठले. भिस्त्याला म्हणाले, "पाणी बाईंना दे."

गुलाबांची पखाल मात्र तशीच चालू राहिली. एका वाफ्यानं राज्य पालटत नाही. तरी माळ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: उन्हाळ्यात भुईचाफ्याला पाणी घालू नका. ते घागरीत घाला.