अष्टमीच्या माडीवरचा सॅक्सोफोन

मिठागरात पाणी नुसतं सोडून दिलं की मीठ आपोआप साचतं. आमच्या जॅझच्या टोळक्याचे किस्सेही तसेच साचलेत. टोळकं तिघांचं. मी कीबोर्डवर, धरमतरचा हरेश ड्रमवर आणि सॅक्सोफोनवर सलीमभाई. आखातातल्या हॉटेलात नोकरी करता करता ते हे वाद्य शिकले. रोह्याहून पूल ओलांडला की अष्टमी हे गाव. तिथे त्यांच्या माडीवर आमची तालीम चाले.

*

हरेश मूळचा बेंजो पार्टीतला, लग्नाच्या वरातीत वाजवणारा. जॅझमध्ये एकाने चाल सोडून वाटेल तिथे भटकायचं आणि बाकीच्यांनी त्याला सांभाळायचं, हे सलीमभाईंनी त्याला तासभर समजावलं.

हरेश म्हणाला, "म्हणजे वरातीतला नवरदेवाचा मामा! त्याला तर आमी रोजच सांभाळतो."

*

एकदा माझी बोटं भलत्याच कॉर्डवर, भलत्याच सुरांच्या जुडीवर पडली. मी ओशाळून थांबलो. सलीमभाई वैतागले.

"थांबलास कशाला? मी तिकडंच येत होतो."

*

पेणला एका हळदीत वाजवलं. गाणी नेहमीचीच, पण मी चालीखालचे कॉर्ड बदलत गेलो. नाचणाऱ्या बायका सैल पडल्या, झोपेत असल्यासारख्या डुलू लागल्या. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "गाणं आपलंच हाय गो, पन पान्याखालून येतंय."

ती दाद मला अजून पुरते.

*

मग सलीमभाईंचा आखाताचा नवा व्हिसा आला. त्यांना जायचं नव्हतं, पण ते तसं बोलत नव्हते. त्यांच्या बायकोने, भाभींनीच मागे लागून अर्ज करायला लावलेला. "वाजवून घर चालत नाय," त्या म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं. मला मात्र रडू येत होतं.

निघायच्या दुपारी बॅग गाडीत ठेवून सलीमभाई वर आले. "एकदाच," म्हणाले. भाभी दारात उभ्या होत्या.

सलीमभाईंनी सॅक्सोफोन ओठांना लावला, डोळे मिटले आणि ते चाल सोडून भटकायला निघाले. मी मागून एकेक कॉर्ड अंथरत राहिलो. चाल परत आली की सगळं संपणार, म्हणून ती येऊच नये असं मला वाटत होतं. हरेशने काठ्या ठेवून हलक्या आवाजाचे तारांचे ब्रश घेतले. खाडीवरचा वारा खिडकीतून येत होता.

खालून हॉर्न वाजला. सलीमभाईंनी तोच सूर उचलला आणि पुढे नेला.

भाभी खाली गेल्या. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग पुलाच्या दिशेने विरत गेला.

भाभी बॅग उचलून वर आल्या. भिंतीला लावली आणि तिच्यावरच बसल्या. सलीमभाईंचे डोळे अजून मिटलेलेच होते.